मोजपट्टी घेऊन मालवणला

कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा आमच्या सामानात दोघांचे मिळून चार जोड कपडे होते आणि बाकी सगळी माझी तब्येत होती. गोळ्या, क्रीम, कोमट पाण्याचा थर्मास, शिंप्याची मोजपट्टी आणि एक वही. २००६ साल होतं. डाव्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून दोन वर्षं झाली होती. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या होत्या. त्यामुळे हाताला सूज येऊ शकते, म्हणून दंड रोज मोजून लिहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी एकही दिवस चुकवला नव्हता.

"दहावीला एवढा अभ्यास केला असतास तर बोर्डात आली असतीस," आमचे हे म्हणाले.

एसटी कसालला थांबली. यांनी टपरीवर भजी हाणली आणि माझा थर्मास तिथेच विसरले. माझ्या आरडाओरड्याने कंडक्टरने सुटलेली गाडी थांबवली. थर्मास हातात देत त्याने विचारलं, "बाळ खंय आसा?"

"हे काय, शेजारीच बसलंय," हे म्हणाले. अख्खी गाडी हसली.

मालवणला सकाळी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) खाऊन हे होडीने किल्ल्यावर गेले. होडीत चढताना हात ओढला जाईल म्हणून मी मागे राहिले आणि मासळीबाजारात शिरले. तिथे आनंदीबाई नावाची बाई बांगडे कापत बसली होती. तिच्या डाव्या हातात नारिंगी रबरी हातमोजा होता, उजवा हात उघडाच.

"एकच मोजा का हो?" मी विचारलं.

"ह्या बाजूक ऑपरेशन झाला. काटो लागलो तर हात सुजता." मग भर उकाड्यातल्या माझ्या लांब बाह्यांकडे तिने नीट बघितलं. "तुझो पण डावोच मा गो?"

शेजारणींपासून दोन वर्षं लपवलेली गोष्ट हिने मासे कापता कापता ओळखली! आधी राग आला. मग मी तिथेच पालथ्या टोपलीवर बसले.

तिची मोजणी माझ्याहून सोपी होती. डाव्या हातात एक सैल प्लास्टिकची बांगडी, काचेची नाही, फुटून लागायला नको म्हणून. रोज सकाळी ती कोपराकडे सरकवायची. हातावरच्या एका तिळापर्यंत गेली, की बाजार. नाही गेली, की दवाखाना. मी फुशारकीने माझ्या वहीचं वर्णन केलं.

"मगे, वाढलो काय हात?"

"दीड सेंटीमीटर. तीन महिन्यांत."

"डाक्टर काय म्हणालो?"

मी डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. यांनाही सांगितलं नव्हतं. साधी सूज असेल, पण तोच आजार परत आला असेल तर? मला फार भीती वाटत होती, आणि तसं मी तिला सांगून टाकलं.

"भय माका पण वाटता गो," ती म्हणाली. "भय वाटला काय मी डाक्टराकडे जातंय. तू वहीत लिवतंस."

ती खळखळून हसली. मीही हसले, पण ते चांगलंच झोंबलं.

दुपारी हे उन्हाने लालबुंद होऊन परतले. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) आणि सोलकढी पोटात जाईपर्यंत मी थांबले आणि मग वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि बॅग भरायला घेतली. तीन दिवसांची सहल दीड दिवसात आटोपली.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात बघितला. मग काखेत आणि मानेशी बोटं दाबत बराच वेळ तपासत राहिले. मी भिंतीकडे बघत होते. दोन वर्षं मी इतकी काळजी घेत होते, पण मला अजून खूप जगायचं आहे हे मनाशी पहिल्यांदा म्हटलं ते त्या खोलीत.

तपासण्या झाल्या. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "सूज आहे. पट्टी बांधू, व्यायाम शिकवू. बाकी काही नाही."

मी बाहेर येऊन यांना सांगितलं आणि तिथल्या बाकड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आम्ही दोघंही पोटभर रडलो.