लाईट आल्यावर

"मामा, चालू करणं येगळं अन् आपोआप उठणं येगळं," असं तो कॉम्प्युटरवाला पोरगा बोट नाचवत सांगायचा. लातूरच्या ज्या दवाखान्याच्या गेटवर मी वॉचमन आहे, तिथले कॉम्प्युटर बघायला तो नांदेडहून एसटीनं यायचा. लाईट गेली की त्याचा चेहरा उतरायचा. अशी भेदरट माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी हसायचो त्याला.

कॉम्प्युटर तीन. तिन्ही चालायचे लिनक्स नावाच्या प्रणालीवरच, पण ती तीन वेगवेगळ्या घरची. लाईट आल्यावर आतली कामं सुरू करायची रीत प्रत्येकाची निराळी.

"एक हाकेला उठतंय, दुसऱ्याला हलवावं लागतंय, तिसरं उठून पुन्हा झोपतंय. तिघांना एकच रीत लावतो, मामा."

तेव्हा माझी बायको तिथंच आतल्या खोलीत भरती होती. छातीचं दुखणं. तिचे ठोके सिस्टरच्या टेबलावर, त्या तिघांतल्याच एका कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचे. बिघडले की तिथं घंटी वाजायची.

त्यानं नवी रीत लावली. पडदा चालू झाला. आम्ही चहा प्यायला बसलो अन् लाईट गेली. आली, पण पडदा काळाच.

जुन्या रीतीत काम एकदा ठरल्या जागी लिहून ठेवलं की लाईट आल्यावर दर वेळी आपोआप उठायचं. नवीत दोन हुकूम लागतात: आत्ता चालू हो, अन् दर वेळी आपण होऊन उठ. यानं दुसरा दिलाच न्हाई. जगाला सांगत फिरायचा तेच विसरला.

"मामा, मामीजवळ पळा! श्वास बघत ऱ्हावा!" त्याचा आवाज चिरकला. मी पळालो.

"काय बघून राहिले?" बायको म्हणाली. "आत्ताच मरत न्हाई मी."

पडदा पुन्हा चालू करून तो दारात आला. घामानं भिजलेला, मान खाली.

"मामी, माझी चूक झाली."

"आधी पाणी पी, लेकरा."

पुढं ती गेली, दुखण्यानंच. तेव्हा पडदा चालू होता, घंटी वाजली, डॉक्टर धावले. मी त्याला फोनवर सरळ सांगितलं, तुझा काही संबंध न्हाई.

नंतर आला तेव्हा वॉर्ड रिकामा होता. डॉक्टरांना विचारून त्यानं मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला. तिन्ही कॉम्प्युटर आपोआप उठले. त्यानं परत पाडला. परत उठले.

"उठलं की रे! बस कर आता."

"अजून एकदा, मामा."

आता भोकरला सासऱ्याच्या दुकानात बसतो म्हणे. कॉम्प्युटरला हात लावत न्हाई.

लाईट आली की मी गेट सोडून आत पळतो. त्या खोलीत आता दुसरंच कुणी असतं. पडदा चालू होईपर्यंत त्याचा श्वास बघत मी दारात उभा राहतो.