फोटोतला बर्गर

माझ्या भावोजींचं पडद्यांचं दुकान आहे. गल्ल्यामागे पाटी: ‘एकदा कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही.’ बाकी जगातली प्रत्येक वस्तू मात्र परत करण्यासाठीच जन्माला आलीय, अशी त्यांची समजूत. त्यांनी पंखा परत केलाय, अर्धी खाल्लेली काकडी परत केलीय. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरला दारातूनच हाकललं, कॅमेरा जुना दिसतो म्हणून. ताईकडे लग्नाचा एकही फोटो नाही. भावोजींना याचा अभिमान आहे.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं आईकडे निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन. ‘थोरली आल्याशिवाय मी आत जाणार नाही,’ असं तिने डॉक्टरांना बजावलेलं. दिवसातलं शेवटचं विमान, आणि भावोजींना विमानतळावर पाय ठेवताच भूक लागली.

बर्गरच्या दुकानात भिंतभर फोटो होता. टम्म फुगलेला पाव, त्यातून डोकावणारी हिरवीगार पानं. ट्रेमध्ये आला तो कुणीतरी वर बसून उठल्यासारखा.

“हे काय आहे?” भावोजींनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“बर्गर, सर.”

“आणि ते भिंतीवरचं?”

“तोही बर्गरच.”

“मग हा त्याचा कोण? चुलत मेहुणा?”

हा विनोद त्यांनी मागे वळून रांगेलाही ऐकवला. रांगेने मोबाईलमध्ये माना घातल्या.

मुलीने निमूटपणे दुसरा करून दिला. भावोजींनी तो डोळ्यांसमोर धरला, पडद्याची शिवण बघतात तसा एक डोळा मिटून. “मॅनेजरला बोलवा.”

“ते वरच्या मजल्यावर आहेत, सर.”

“मी थांबतो.”

तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा झाली.

“अहो, चला ना,” ताई म्हणाली. “खा नाहीतर टाका, पण चला.”

“तू गप्प बस गं. अशांना सोडलं की डोक्यावर बसतात.”

“विमान जाईल.”

“गेलं तर उद्याचं पकडू.”

“उद्या सकाळी ऑपरेशन आहे आईचं.”

“मग दुपारी करा म्हणावं. आपण गिऱ्हाईक आहोत ना त्यांचं?”

हे वाक्य ते खरंच बोलले, आणि बोलून वर माझ्याकडे कौतुकासाठी पाहिलं. मी भिंतीवरच्या बर्गरकडे पाहिलं. दोघांत त्याच्याच चेहऱ्यावर जरा समज दिसत होती.

तिघांचे बोर्डिंग पास भावोजींच्या शर्टाच्या खिशात होते, कारण बायका वस्तू हरवतात. ताईने खिशात हात घातला, आमचे दोन काढले, तिसरा नीट परत सरकवला.

“टिश्यू घेतेस का?” भावोजी काउंटरवरची नजर न हटवता म्हणाले. “येताना सॉसही आण.”

आम्ही धावत सुटलो. विमानात शिरणाऱ्या शेवटच्या आम्हीच. पट्टा लावतोय तोच ताईचा फोन वाजला. भावोजींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“अगं, आहेस कुठे? मॅनेजर आलाय. पहिला किती चपटा होता, सांग त्याला.”

“मी विमानात बसलेय.”

“बसलेय म्हणजे? मी इथे एकटा भांडू?”

“आजवर कुणाला बरोबर घेऊन भांडलात?” म्हणत तिने फोन बंद केला.

विमान हललं. ताई म्हणाली, “आईला सांगू, त्यांना दुकानात काम निघालं.”

“मी खरं तेच सांगणार,” मी म्हटलं. “आत नेण्याआधी हसेल तरी बिचारी.”