पूल आज उठणार नाही

मासेमारीच्या होड्यांसाठी आमच्या खाडीवरचा पूल रोज सकाळी उचलतात. आम्ही म्हणतो, ‘पूल उठला.’ तो पुन्हा बसेपर्यंत ऑफिसला निघालेले सगळे फाटकापाशी चडफडत थांबतात.

आज धावण्याची स्पर्धा होती. दुपारपर्यंत पूल उठणार नाही, अशी पाटी लावली होती. धावणाऱ्यांच्या बाजूने वाहनांनाही वाट मोकळी होती. तरी सवयीने मी स्कूटर लावली आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

कट्ट्यावर एक कोळीण रिकामी टोपली घेऊन बसली होती. तिच्या नवऱ्याची होडी पुलापलीकडे अडकली होती.

“मावशी, आज थांबायची पाळी तुमची,” मी म्हटलं.

“पाणी उतरायला लागलंय. दुपारपर्यंत मासळी काय टिकते!” ती होडीवरची नजर न काढता म्हणाली. “तू जा ना बाय. तुला कोण अडवतंय?”

खरंच, कोणीच अडवत नव्हतं. इतकी वर्षं त्या फाटकाला शिव्या घातल्या, पण घरचं आटपून ऑफिसात शिरेपर्यंत मी निवांत टेकायचे ती तेवढीच.

आज पूल बसून होता. मला उठावं लागलं.