होडी वर काढायचा दिवस

तळ्याकाठच्या त्या लॉजवर पाहुणा आला की मावशी हातातलं काम टाकून दारात यायच्या. ओले हात एप्रनला पुसत म्हणायच्या, "या, या. प्रवास कसा झाला?" उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे, पण एकदाही ते पाठ केल्यासारखं वाटलं नाही. भल्याभल्या नटींनी हेवा करावा असं ते कसब होतं.

लॉज कसलं, सात खोल्या, एक करकरणारा जिना, लांबलचक टेबलाचं जेवणघर आणि मागच्या अंगाला घरच्यांच्या दोन खोल्या. डोंगर इतके खेटून की खिडकी उघडली तर आत येऊन बसतील. सगळा कारभार घरातल्या घरात. स्वयंपाकघर सुनेकडे, होडी मुलाकडे, आणि उरलेलं सगळं मावशींकडे. सासूबाईंनी घालून दिलेला दंडक एकच होता, पाहुण्याला खोटं पाडायचं नाही. कुणी म्हणालं, काल तळ्यात होडीएवढा मासा पाहिला, तर मावशी गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, "हो का? मग शेपूट कुठल्या रंगाचं होतं?" पाहुणा खूश, मासा आणखी दोन हात लांब.

मावशींच्या नवऱ्याला पाहुणे कप्तान म्हणत. ताफ्यात एकुलती एक होडी, पण टोपी चढवून वल्ह्यावर बसले की समोर महासागर असल्याची ऐट. तेच कप्तान हळूहळू विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसं. आणि ऐन हंगामात एका दुपारी ते पुढच्या दारानं आत आले. हातात बॅग. टोपी काढून अदबीनं म्हणाले, "एखादी खोली मिळेल का?"

मावशींच्या हातात हनुवटीपर्यंत चादरींची चळत होती. मान वर न करताच जीभ बोलून गेली, "या, या. प्रवास कसा झाला?"

"बरा झाला. घाट फार वळणाचा आहे हो तुमच्याकडे."

मग मावशींनी मान वर करून पाहिलं. थट्टा समजून हसल्या, सात नंबरची किल्लीसुद्धा दिली. त्या रात्री कप्तान मागच्या खोलीत झोपायला आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत.

"तेव्हाच 'अहो, काय चाललंय हे?' म्हणून ओरडले असते, तर भानावर आले असते गं," मावशी सुनेला म्हणत.

"आई, डॉक्टर म्हणालेत ना, तसं काही नसतं म्हणून?"

"डॉक्टरांनी कुठे पाहिलाय त्यांचा चेहरा? माझ्याकडे बघत थांबले होते ते. मी काय म्हणते त्याची वाट बघत."

सून बटाटे सोलत राही.

पाहुणा म्हटला की कधीतरी निघणारच. दर चार-सहा दिवसांनी कप्तान बॅग भरत. "येतो आता. घरी बायको वाट बघत असेल." पहिल्यांदा अडवलं तर ते "मला कोंडून का ठेवलंय?" म्हणून रडले. तेव्हा मुलानं युक्ती काढली. त्यांना होडीत बसवायचं, पाण्यातून वर आलेल्या समोरच्या सुळक्याला वळसा घालायचा आणि परत आणायचं. तेवढ्यात मागचं सगळं पुसलं जाई. धक्क्यावर उतरून कप्तान टोपी काढत, "एखादी खोली मिळेल का?" आणि दारात मावशी, पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू.

होडीत बसल्याबसल्या ते मुलाला सुनावत. "वल्हं असं धरतात? वडिलांनी शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलं होतं, साहेब. माझंच लक्ष नव्हतं."

"तरीच."

मग थंडी पडली. तळ्याच्या कडेनं सकाळी बर्फाची पातळ साय धरायला लागली. होडी वर काढायला झाली होती.

"आई, आता नाही थांबता येत. फळ्या फुटतील."

"आणि त्यांनी बॅग भरली की? कशात बसवणार आहेस त्यांना?"

"मला काय विचारतेस?" मुलगा खेकसला आणि दोराचं वेटोळं उचलून निघून गेला. भरून आलेले डोळे दाखवायचे नव्हते त्याला.

होडी वर ओढताना कप्तान आपणहून मदतीला आले. पाहुणे असूनही दोराला हात लावला. "हळू रे, हळू! पोट घासेल तिचं!" होडी भिंतीशी पालथी घातली, वर ताडपत्री बांधली. कप्तानांनी हात धुतले, जिना चढून गेले आणि थोड्या वेळानं बॅग घेऊन खाली आले.

मावशी त्यांच्या मागोमाग धक्क्यावर गेल्या. ऊन कलतं झालं होतं. पाणी शिशासारखं.

"होडी कधी सुटते, बाई?"

"आज नाही सुटत."

"मग उद्या?"

"आता बर्फ वितळल्यावरच."

कप्तानांचा चेहरा हरवलेल्या पोरासारखा झाला. "अहो, असं कसं? ती काळजी करेल. मी कधी इतके दिवस बाहेर राहत नाही."

मावशींना राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सासूबाईंचा दंडक मोडला. कप्तानांचा हात धरून म्हणाल्या, "अहो, बघा माझ्याकडे. मीच तुमची बायको. हे घर आपलं आहे. तो दोर ओढत होता ना, तो आपला मुलगा."

कप्तान बघत राहिले. खूप वेळ. मग त्यांनी हात हळूच, अगदी न दुखवता, सोडवून घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हो का? मग लग्नाला किती वर्षं झाली म्हणायची?"

तो सूर मावशींनी लगेच ओळखला. माशाचं शेपूट विचारायचा तो सूर. तेही त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढलेले. समोरच्याला खोटं पाडायचं नाही.

"झाली बरीच," त्या म्हणाल्या.

वारा सुटला. कप्तानांनी पालथ्या होडीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं आणि टोपी काढली. "मग एखादी खोली मिळेल का?"

"खोल्या बंद केल्यात थंडीपुरत्या. मागे घरच्यांत राहावं लागेल."

ते घुटमळले. जरा पुढं झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना चालेल ना?"

मावशींनी बॅग घ्यायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"विचारते त्यांना," त्या म्हणाल्या.