कोपऱ्यातलं झेड

स्प्रिंगांच्या त्या कारखान्यात सगळे त्याला मांत्रिक म्हणत, तेही तोंडावर. खरं नाव पगाराच्या सहीपुरतं उरलं होतं. अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, वरच्या खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. मांत्रिकाचं तेज वगैरे शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पण शेडच्या टोकाला काचेच्या खोलीत ज्या बाईसाहेब बसल्या होत्या, त्या म्हणे फक्त त्याचंच ऐकत.

बाईसाहेब म्हणजे तार वळवायचं मशीन. एका अंगानं तार आत जायची, दुसऱ्या अंगानं स्प्रिंगा टोपलीत पडायच्या. कुलपातल्या, पेनातल्या, चावीच्या खेळण्यातल्या. कुठली स्प्रिंग, किती वेढे, हे मशीनला सांगायचं काम शेजारच्या जुनाट कॉम्प्युटरचं. तो डॉस नावाच्या जुन्या प्रणालीवर चालायचा. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, ना चित्र ना माऊस. एकदा प्रोग्राम सुरू झाला की पुढचं सगळं मशीनवर बसणाऱ्या तारवाल्याला येत होतं. अडायचं ते सुरू होण्यापाशी. वीज गेली आणि परत आली, की पडदा काळा तो काळाच. कुणी भीतभीत एखादं बटण दाबलं, की आतून ‘टूं’ असा आवाज यायचा आणि हात मागे यायचा.

“रुसल्या बाईसाहेब,” पॅकिंगवाली मावशी ओरडायची. “मांत्रिकाला बोलवा!”

मांत्रिक यायचा. डबा खात असेल तर हात धुऊन, घरी असेल तर सायकल हाणत. डावा पंजा कीबोर्डाच्या कडेला टेकवायचा, उजव्या हातानं कॉम्प्युटरच्या पाठीवर दोनदा थोपटायचं आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचं. की पांढरी अक्षरं सरसर उमटायची. तो काय पुटपुटतो याच्यावर कारखान्यात पैजा लागल्या होत्या. तो बाराचा पाढा म्हणत असे.

आता खरं काय ते सांगून टाकू, कारण कारखान्यात कुणाला ते ठाऊक नव्हतं. बाईसाहेब कधीच रुसल्या नव्हत्या. तो आडमुठेपणा मांत्रिकानं स्वतः त्यांच्यात घातला होता.

मशीन आलं तेव्हा थोरले मालक होते. हातानं तार वळवणारे चार गडी होते, त्यांतल्या तिघांना मशीननं घरी पाठवलं. चौथा हा. चांगला पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला. मशीन बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून त्यानं डॉसच्या चार गोष्टी शिकून घेतल्या होत्या. कॉम्प्युटर उठल्यावर आधी काय करायचं हे एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ही त्यांतली एक. उद्या दुसरं कुणी शिकलं की आपणही त्या तिघांच्या मागे, या धसक्यानं त्यानं त्या फाईलमध्ये एक ओळ वाढवली. झेड दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. पडद्यावर काही दाखवायचं नाही. दुसरं काही दाबलं तर ‘टूं’. झेड कीबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात; पंजा टेकवला की करंगळीखाली आपसूक येतं. थोपटणं आणि पाढा हा सगळा देखावा, करंगळीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

वर्षभरात ओळ काढून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. पण वर्षभरात तो मांत्रिक झाला. आता बाईसाहेब एकाएकी शहाण्यासारख्या वागायला लागल्या तर लोक विचारणार नाहीत का? मग पुढच्या वर्षी काढू. मग त्याच्या पुढच्या. धाकटे मालक गादीवर आले, त्यांना तर ही सोय फारच मानवली. कुणी कॉम्प्युटरला बॅटरी बसवा म्हटलं की म्हणत, “मांत्रिक आहे ना, बॅटरी कशाला?” चिक्कू माणूस!

आणि मांत्रिक होताच. गावाला जाऊ शकत नव्हता, आजारी पडू शकत नव्हता. मुलगी जन्मली तेव्हा तो काचेच्या खोलीत होता. आई गेली तेव्हा अर्ध्या वाटेवरून परत बोलावलेला. आपल्याच हातानं लावलेल्या कडीच्या आत माणूस बसावा आणि बाहेरच्यांनी त्याचं कौतुक करावं, तसं त्याचं सगळं आयुष्य गेलं. त्याला याचा राग येई, आणि राग काढायला समोर कुणी नसे.

यंदा बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. एक डोळा लहानपणीच अधू, दुसऱ्यावर पडदा आलेला. मुलगी दुसऱ्या शहरात नांदत होती, तिथला डॉक्टर चांगला. जाताना बायको एवढंच बोलली, “पट्टी काढतील तेव्हा पहिलं तोंड तुमचं दिसू दे. जन्मभर तुमची पाठच बघितली मी, दारातून बाहेर पडताना.”

“येतो म्हणजे येतोच,” तो म्हणाला. “आईची शपथ.”

ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरची डिस्क खडखडायला लागली आणि सकाळी कॉम्प्युटर उठेचना. हा रुसवा मात्र अस्सल होता. मालकांनी त्याचे हात धरले, आणि मांत्रिक राहिला. मुलीनं फोनवर सांगितलं, “बाबा, ऑपरेशन आज होऊन जाईल, पण पट्टी उद्या संध्याकाळी काढणार आहेत. उद्या सकाळची गाडी चुकवू नका. पुढची गाडी रात्री पोचते.”

दुपारी कॉम्प्युटरवाली आली. पाठीला बॅग, कमी बोलणारी, हात झपाझप चालणारे. येताना तिनं एक वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. मशीनची मागची जुनी केबल त्याला बसत होती. जुनी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडून, मरायच्या आत तिच्यातलं जेवढं निघालं तेवढं तिनं काढून घेतलं. मग बोटाएवढा पेनड्राइव्ह पुढे धरला.

“आता सगळं याच्यावर. डॉससारखीच एक व्यवस्था आहे, फुकट मिळते, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलीय. तुमचा जुना प्रोग्राम तिला आपलाच वाटतो. कॉम्प्युटर सुरू केला की तो इथूनच उठणार. फक्त जरा वेळ लागतो. तेवढा वेळ पडदा काळा राहील, कुणी घाबरायचं नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलं कुणीच नाही.

“सुरुवातीची जुनी फाईल तशीच घेऊ का?” तिनं विचारलं.

मांत्रिक चटकन पुढे झाला. ती फाईल हिनं उघडली की संपलं, वीस-बावीस वर्षांचं पितळ उघडं. “नको, नको,” तो म्हणाला. “त्यात जुना कचरा आहे. मी नवी लिहितो.”

त्यानं स्वतः तीन ओळी लिहिल्या, झेडची ओळ सोडून. ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात लॅपटॉपवरची जुनी फाईल पुसून टाकली. डिस्क तर तोवर कायमची गप्प झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. उद्यापासून वीज गेली काय, आली काय, कुणीही खटका दाबावा आणि कामाला लागावं. त्याचं पाप धुतलं गेलं होतं आणि डाग कुठं दिसतही नव्हता.

मग चाचणी. अख्खा कारखाना काचेच्या खोलीत. तारवाल्यानं खटका दाबला. पडदा काळा. काळाच. पेनड्राइव्हवरचा बारका दिवा लुकलुकत होता, पण तिकडे बघतो कोण!

“रुसल्या,” मावशी हळूच म्हणाली.

आणि मांत्रिकाचा हात गेला. त्यानं नेला नाही, गेला. डावा पंजा कडेला टेकला, उजव्यानं दोनदा थोपटलं, ओठ हलायला लागले. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. करंगळी झेडवर पडली आणि नेमकी त्याच घडीला पांढरी अक्षरं सरसर उमटली.

टाळ्यांनी शेड दणाणली. “कॉम्प्युटर बदलला, पण हात तोच लागतो!” मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “अहो, तसं नाही, तो वेळच तेवढा—” कॉम्प्युटरवाली सांगायला गेली, पण त्या गलक्यात तिचं कोण ऐकतो? ती बॅग उचलून निघून गेली. मांत्रिक तेव्हा बोलू शकला असता. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. एकदाचं शेवटचं कौतुक म्हणून त्यानं ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टँडवर गाडीच्या खिडकीपाशी जागा धरून बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत बायकोसाठी घेतलेला गडद काचांचा चष्मा. फोन वाजला.

“वीज गेली होती,” मावशी म्हणाली. “आता आलीय, पण पडदा काळाच. तीनदा बंद करून चालू केलं.”

“बंद का करता? चालू करा आणि बसून राहा!”

“बसलो की! आता तर टूंसुद्धा करत नाहीत. बोलणंच सोडलंय त्यांनी.”

“कीबोर्डाला हात लावू नका, खटक्याला हात लावू नका—”

“हात लावायची कुणाची छाती आहे? तुम्ही या.”

मग फोन मालकांनी घेतला. मालाचा ट्रक दारात उभा होता. मांत्रिकानं खिडकीबाहेर बघितलं, डोळे मिटले आणि बोलून टाकलं. सगळं. ती ओळ, झेड, करंगळी, बाराचा पाढासुद्धा. “बाईसाहेब रुसत नव्हत्या मालक. मी फसवत होतो तुम्हाला. तुम्हाला, तुमच्या वडिलांना, सगळ्यांना. आता ती ओळ नाहीये. तुम्ही फक्त थांबा.”

मालक अगदी मायेनं म्हणाले, “अरे, वहिनींसाठी तुझा जीव तुटतोय, कळतं मला. पण म्हणून स्वतःच्या तोंडाला असं काळं फासून घ्यायचं? वीस वर्षं बघतोय तुला. तू तसला माणूसच नाहीस.”

“मालक, शपथेवर सांगतो. त्या जुन्या फाईलमध्ये—” आणि तो थांबला. जुनी फाईल त्यानं स्वतःच पुसली होती. आपण लबाड आहोत हे दाखवायला एवढा एकच पुरावा जगात होता, आणि तो त्यानं काल लपवायच्या नादात नाहीसा केला होता.

मग तारवाल्याचा आवाज आला, दबका. “मांत्रिक, माल आज गेला नाही तर आमच्या पाळीतल्या दोघांना घरी बसवणार आहेत. या ना.”

घरी गेलेले ते तिघे त्याला आठवले. मालक ओरडून सांगत होते की काम झालं की आपल्याच गाडीनं तुला थेट दवाखान्यात सोडतो. मांत्रिक पिशवी घेऊन उतरला.

काचेच्या खोलीत तो शिरलाच नाही. दारात उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. “मी हात लावणार नाही,” तो म्हणाला. “पुटपुटणार नाही. माझं तोंड बघा, बंद आहे. चालू करा आणि कुणी हलू नका.”

तारवाल्यानं खटका दाबला. पडदा काळा. सगळे आळीपाळीनं पडद्याकडे आणि त्याच्याकडे बघत होते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला. मग पांढरी अक्षरं सरसर उमटली, तार आत सरकली आणि पहिली स्प्रिंग टोपलीत पडली.

“बघितलंत?” मांत्रिक जवळजवळ ओरडलाच. “बघितलंत ना? मी काही केलं?”

मावशीनं दोन्ही हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. “खरंच की हो. आता थोपटावंसुद्धा लागत नाही. तुम्ही नुसते दारात उभे राहिलात तरी ऐकतात.”

“अहो नाही! मी फाटकाबाहेर जातो. रस्त्यावर जातो. मग परत बंद करून चालू करा, तेव्हा पटेल.”

“चालू मशीन बंद करायचं?” मालक म्हणाले. “ट्रक दारात असताना? वेड लागलं का तुला?”

“मग निदान गाडी द्या. तुम्ही म्हणाला होतात.”

“देतो की. ट्रक भरला की लगेच. आज विजेचा काही भरवसा नाही रे.” आणि त्यांनी कुणालातरी स्टूल आणायला सांगितलं. ते बरोबर दारात ठेवलं, बाईसाहेबांच्या नजरेसमोर. चहा आला. पंखा त्याच्याकडे वळवला गेला. सगळे त्याच्याशी इतके चांगले वागत होते की ओरडायलाही जागा नव्हती.

त्या दिवशी वीज परत गेली नाही. ट्रक भरेस्तोवर उन्हं कलली होती. मुलीचा फोन आला तेव्हा तो त्या स्टुलावरच बसलेला होता, पिशवी मांडीवर.

“बाबा, पट्टी काढली.”

“दिसतंय का तिला?”

“दिसतंय. चांगलं दिसतंय म्हणाले डॉक्टर. मी समोर बसलेय, पण माझ्याकडे बघतच नाही ती. मघापासून दाराकडे बघतेय.”