मालधक्क्याची बाजू

मी मिरजेहून निघाले त्या सकाळी फलाटावर झाडून सगळे आले होते, आबा सोडून. माझे वडील त्याच स्टेशनात पॉइंट्समन. रूळ बदलायचे, डबे जोडायचे, सोडवायचे, हयात त्यात गेली. लेक नर्स होऊन इंग्लंडला निघाली, तर ह्यांना नेमकी त्या दिवशी ड्यूटी. आई म्हणाली, "त्यास्नी बोलू नगंस, लय लागलंय त्यांच्या मनाला." गाडी हलेपर्यंत मी फलाटाकडच्या खिडकीत मान वाकडी करून बसले होते. आबा आले नाहीत. मीही त्यांचीच लेक. ठरवलं, आपण पत्र लिहायचं नाही.

लीड्सला दोन वर्षं फक्त आईला लिहिलं. तिच्या उत्तरात शेवटी ठरलेली ओळ असायची, आबा बरे आहेत. तेवढीच.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेले त्यांना ठाऊक असेल, परक्या गावात सुट्टीचा दिवस खायला उठतो. माझे घरमालक निवृत्त मास्तर होते. एका रविवारी ते मला मॉडेल रेल्वे क्लबात घेऊन गेले. तिथे पिकल्या केसांची माणसं बोटाएवढे डबे रुळावर ठेवून तावातावाने भांडत होती. मला थेट माहेरी आल्यासारखं वाटलं. सेकंडहँड इंजिन घेतलं, सहा फुटी फळी आणली आणि आठवेल तसं मिरजेचं यार्ड ग्राफपेपरवर आखलं. रूळ बसले, पण वळण आलं की डबे एकमेकांना रेटायचे आणि तिसरा हटकून घसरायचा. क्लबातल्या चौघांनी पाच उपाय सांगितले. एकही लागू पडला नाही.

शेवटी हट्ट गिळला आणि तो नकाशाच आबांना पाठवला. सोबत एकच ओळ: डबे का घसरतात?

महिना गेला. पोस्टमन दिसला की जिना उतरून दारात जायचे. ह्याला उत्तर आलं नाही तर आमचं बोलणं कायमचं संपलं, असं मी धरून चालले होते.

मग माझाच कागद परत आला, लाल पेन्सिलीने रंगवलेला. "वळण लय आखूड हाय. त्यात कपलिंग इतकं जवळ घेतल्यावर डब्यानं वळावं कसं? जरा ढील दे." खाली मालगाड्यांचा माल चढवतात-उतरवतात त्या मालधक्क्यावर मोठी फुली. तो मी फलाटाच्या बाजूला काढला होता. आबांनी बाण ओढून तो पलीकडे, यार्डाच्या बाजूला नेला होता आणि लिहिलं होतं, "मालधक्का हितं. तू गेलीस तवा मी हितंच उभा हुतो, गाडी दिसंनाशी हुईस्तवर. तू ह्या बाजूला बघितलंच न्हाईस."

मी कागद घेऊन जिन्यातच बसले. दोन वर्षं उरावर घेऊन हिंडत होते ते ओझं उतरलं. खूप हलकं वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

रविवारी आबांना त्यांच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर बोलावून फोन केला. "आवं आबा, मग खिडकीशी का आला न्हाईसा?"

आबा म्हणाले, "आलो असतो तर तुझा डबाच सोडवून घेतला असता."

आबा आता निवृत्त झालेत, रेल्वेचं क्वार्टरही गेलं. नव्या खोल्यांना घर म्हणायला माझी जीभ अजून अडखळते. पण सुट्टी संपवून मिरज सोडताना मी यार्डाकडची खिडकी मागून घेते. फलाटावर आई हात हलवत असते. तिला हात करून झाला की मी दुसरीकडे वळते. आबा तिथे उभे असतात.