तळाशी बसलेला लाल ठिपका

एकनाथराव पाच मिनिटं एका जागी बसलाय, असं मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही. अंतरपाट धरलेला असताना हा टाचा उंचावून मांडवातल्या गॅसबत्त्या मोजत होता. अशा माणसाला सरकारने नेमलं कुठे, तर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, जिथे निम्मं काम म्हणजे हात न लावता वाट पाहणं!

आम्ही दोघे तिथे असिस्टंट होतो आणि हैदराबादच्या बरकतपुऱ्यात शेजारी राहत होतो. सत्तावन्न साल. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन सात महिने झाले होते आणि कोण इथे राहणार, कोण मुंबई राज्यात जाणार, याच्या याद्या फळ्यावर लागत होत्या. एकनाथराव दिवसातून सहा वेळा फळा पाहून यायचा. अखेर त्याचं नाव औरंगाबादला लागलं. जूनअखेर इथून मोकळं व्हायचं होतं.

त्याच महिन्यात नवा फ्लू शहरात शिरला. सोमवारी एकनाथरावची बायको, कुसुमवहिनी, तापाने पडली. बुधवारपर्यंत तिला धाप लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यातसुद्धा जागा नव्हती. डॉक्टर इंजेक्शन देऊन म्हणाले, टेकवून बसवा, घोट घोट पाणी पाजत राहा, कोणीतरी सतत जवळ पाहिजे. आता सतत जवळ बसणार कोण? एकनाथराव! तो फुलपात्र घेऊन उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा आणि निम्मं पाणी वाटेत सांडायचा.

दाराबाहेर त्याच्या सासूबाई बसून होत्या. सावित्रीबाईंचं वय सत्त्याहत्तर. आत लेक कण्हत होती आणि जावयाने कडी घातली होती.

"या तापात म्हातारी माणसं आधी जातात. तुम्ही आत येऊ नका."

"मी आई आहे तिची, एकनाथराव."

"म्हणून तर नको म्हणतो."

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे तपासायला येणारे नमुने काय सांगत होते, ते आम्ही रोज पाहत होतो.

बुधवारी दुपारी मला वहिनींजवळ बसवून तो लॅबमध्ये पळाला. मागच्या डिसेंबरात हाताला काम नव्हतं, तेव्हा याने चैन पडेना म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त काढून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ते त्याला आठवलं. या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. त्या काट्यांनी तो माणसाच्या घशातल्या पेशींना धरतो, तसंच कोंबडीच्या तांबड्या पेशींनाही धरतो. प्लेटच्या खळग्यात दोन्ही एकत्र केले की पेशी एकमेकींना चिकटून जाळीसारख्या पसरतात. पण ज्याच्या रक्ताला तो विषाणू आधीच ओळखीचा आहे, त्याचं रक्त मिसळलं की काटे झाकले जातात. मग पेशी सुट्या राहून तळाशी गोळा होतात आणि लाल ठिपका दिसतो; म्हणजे या माणसाला तो ताप सहसा बाधणार नाही. त्यासाठी पाऊण तास प्लेट हलू द्यायची नाही.

वहिनींच्या खळग्यात जाळी पसरली. सावित्रीबाईंच्या खळग्यात ठिपका बसला.

लॅबच्या साहेबांनी प्लेट उजेडात धरली. "डिसेंबर का खून? तब ये बीमारी दुनिया में थीच नहीं. हिला दिए क्या मियाँ?"

माझ्या बायकोला वहिनींजवळ बसवून मी नेमका तेव्हाच त्याला शोधत तिथे पोचलो होतो. सवयीने बोलून गेलो, "साहेब, एकनाथराव आणि प्लेट हलवणार नाही, असं कधी झालंय का?"

साहेब हसले. एकनाथरावही हसला. पण घरी जाताना रस्त्यात थांबून त्याने विचारलं, "माधव, खरंच हलली असेल का रे?" आणि त्याने ती कडी काढली नाही. माझ्या एका फुकटच्या विनोदापायी त्या माऊलीने आणखी एक रात्र उंबऱ्याबाहेर काढली. ती माझ्या नावावर आहे.

गुरुवारी सकाळी बायकोला पुन्हा वहिनींजवळ बसवून आम्ही लॅबमध्ये गेलो. मी म्हणालो, "सगळे खळगे भर आणि बाहेर जा. राखण मी करतो." हात चोळत तो गेला. पाऊण तासात काचीगुडा स्टेशनापर्यंत जाऊन आला म्हणे, दोनदा. मी प्लेटसमोर श्वाससुद्धा जपून घेत होतो. हळूहळू वहिनींच्या खळग्यात जाळी पसरली. सावित्रीबाईंच्या ओळीत एक, दोन, तीन ठिपके बसले.

तो घामाने निथळत आला. "हात लावलास?"

"नाही."

त्याने प्लेटकडे एकदाच पाहिलं आणि घराकडे धावत सुटला. कडी काढून म्हणाला, "आई, आत या." सावित्रीबाईंनी कारण विचारलं नाही. लेकीला छातीशी टेकवून त्या बसल्या, ते तीन दिवस उठल्याच नाहीत म्हणा ना. रविवारी ताप उतरला. औरंगाबादची तारीख साहेबांनी दहा दिवस पुढे ढकलून दिली आणि आपणहून म्हणाले, "हौ, पहले कभी आके गई होगी ये बीमारी."

एकनाथरावने सासूबाईंना तेच विचारलं.

"दहा वर्षांची होते. गावच्या गाव तापाने पडलं होतं. आधी मला आला. धाकटा नामदेव माझ्याच पांघरुणात निजायचा. मी उठले, तो गेला. आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझा ताप त्याने घेतला."

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी लॅब पाहायचा हट्ट धरला. एकनाथरावने पुन्हा प्लेट भरली. पाऊण तास सावित्रीबाई स्टुलावर बसून होत्या आणि जावई खोलीत येरझारा घालत होता. ठिपका बसला.

"तोच ताप?"

"बहुतेक तोच, आई. तेव्हा तुमच्या रक्ताने जे धरून ठेवलं, ते हे."

"इतकी वर्षं मी देवाला विचारत होते, मला कशाला ठेवलंस," म्हणत त्यांनी प्लेटकडे हात नेला.

मी ओरडलो, "हात नका लावू!"

"लावू दे," एकनाथराव म्हणाला. "माझं वाचून झालंय."

त्यांनी प्लेट उचलून ओंजळीत धरली. प्लेट कलली, ठिपका ओघळून लांबट झाला. त्या त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या, लहान मुलाचं कपाळ पुसावं तसा.